मागचे गिअर नीट पडत नसतील तर स्क्रूला हात शेवटी लावावा

यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातून दररोज पांदण रस्त्याने शाळेत जाणाऱ्या एका शिक्षकांचा प्रश्न असा आहे. त्यांच्याकडे २१ गिअरची, लोखंडी फ्रेमची माउंटन बाइक असून पावसाळ्यापासून तिचे मागचे गिअर बिघडले आहेत. मागच्या चाकावरील मोठ्या दातेरी चकतीवरून लहान चकतीकडे येताना एक टिचकी दिली तर चेन हलत नाही आणि दुसरी दिली की एकदम दोन चकत्या ओलांडते. मधल्या गिअरमध्ये सतत कटकट आवाज येतो. मागची ट्यूब बदलल्यानंतर एकदा तर चेन सर्वांत मोठी चकती ओलांडून आऱ्यांमध्ये गेली. गावातील मिस्त्रींनी वायर ताणून दिली, दोन स्क्रू फिरवून दिले. दोन दिवस बरे चालले आणि नंतर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

गुरुजी, आपण लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की सायकल न पाहताही बरेच काही सांगता येते. येथे दोन स्वतंत्र बिघाड एकत्र आलेले दिसतात. पहिला केबलच्या मार्गातील घर्षणाचा आहे आणि दुसरा, डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा मागचा भाग) ज्या पट्टीला टांगलेला असतो ती पट्टी हलल्याचा. मिस्त्रींनी केलेले दोन्ही उपाय या कारणांपर्यंत पोहोचत नाहीत, आणि वायर ताणल्याने तर पहिला बिघाड थोडा वाढतोच.

तो का वाढतो हे समजण्यासाठी डिरेलरचे काम कसे चालते एवढे ध्यानात घ्यावे लागेल. लहान चकतीवरून मोठ्या चकतीकडे चेन नेताना आपला अंगठा शिफ्टरमार्फत, म्हणजे हँडलवरील गिअर बदलण्याच्या खटक्यामार्फत, केबल ओढतो आणि केबल डिरेलरला आत, म्हणजे आऱ्यांच्या बाजूला, खेचते. मोठीवरून लहानीकडे येताना मात्र शिफ्टर फक्त केबल सोडून देतो; डिरेलरला बाहेर नेण्याचे काम त्याच्या आतील स्प्रिंग करते. केबल चिखलाने जखडली असली तरी अंगठा ती जोराने ओढून नेतो, पण स्प्रिंगची ताकद ठरलेली असते आणि ती वाढविता येत नाही. म्हणून बिघाड तपासताना गिअर कोणत्या दिशेने अडतो हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. लहानीवरून मोठीकडे जाताना चेन रेंगाळत असेल तर बहुधा केबल ढिली आहे. मोठीवरून लहानीकडे परतताना रेंगाळत असेल तर केबल कोठेतरी अडकते आहे. दोन्हीकडे जाताना कधी बरे, कधी वाईट होत असेल तर काहीतरी वाकले, झिजले किंवा सैल झाले आहे. आपला त्रास परतीच्या दिशेचा आहे, आणि अशा वेळी केबल अधिक ताणली की आधीच कमी पडणाऱ्या स्प्रिंगच्या वाटेत आणखी अडथळा उभा राहतो.

जुन्या सायकलींच्या शिफ्टरला टिचक्या नव्हत्या. दांडा हवा तेवढा सरकवायचा आणि आवाज थांबला की सोडायचा, त्यामुळे केबलमधील थोडीफार कसर चालविणाऱ्याचा हातच भरून काढत असे. १९८४ मध्ये जपानच्या शिमानो कंपनीने ड्युरा-एस या सुट्या भागांच्या मालिकेत टिचकीने गिअर बदलणारी पद्धत आणली आणि पुढे ती माउंटन बाइकवरही रूढ झाली. या पद्धतीत शिफ्टर प्रत्येक टिचकीला ठरलेलीच केबल ओढतो. सात चकत्यांच्या शिमानो रचनेत ही लांबी सुमारे २.९ मिलिमीटर असते, डिरेलर तिच्या सुमारे १.७ पट सरकतो आणि लगतच्या दोन चकत्यांमधील अंतर सुमारे ५ मिलिमीटर असते. म्हणजे केबलची १ मिलिमीटर लांबी जरी घर्षणात किंवा दबलेल्या आउटरमध्ये (केबलवरील बाहेरच्या नळीत) हरवली, तरी चेन आपल्या जागेपासून जवळजवळ पावणेदोन मिलिमीटर दूर राहते, आणि हे अंतर दोन चकत्यांमधील अंतराच्या एक तृतीयांशाहून अधिक आहे. मधल्या गिअरमधील कटकट तेथूनच येते.

घर्षण आहे की नाही हे अवजारांशिवाय ठरविता येते. मागचे चाक उचलून धरून पेडल फिरवावे, चेन सर्वांत मोठ्या चकतीवर न्यावी आणि चाक थांबवावे. आता पेडल अजिबात न फिरवता शिफ्टर एकेक टिचकीने १ वरून ७ वर आणावा. चेन जागच्या जागी राहते आणि केबल ढिली पडते. बहुतेक फ्रेमवर आउटरचे टोक ज्या खोबणीत बसते तिला एका बाजूने चीर असते, त्यामुळे ढिल्या केबलसह आउटरचे तुकडे त्या चिरेतून बाहेर काढता येतात. प्रत्येक तुकडा केबलवर मागेपुढे सरकवून पाहावा. चांगल्या स्थितीतील तुकडा दोन बोटांनी सहज सरकतो. खराब झालेला तुकडा सरकवताना बोटांना करकर जाणवते, आणि तो बाजूला केल्यावर खाली केबलवर तपकिरी गंजाचा पट्टा किंवा पीळ सोडून वर आलेली एखादी बारीक तार दिसते. अशी तार दिसली तर केबल पुसून परत बसविण्यात अर्थ नाही. ती थोड्याच दिवसांत आउटरच्या आत गुंता करून तुटेल.

दोन ठिकाणी विशेष लक्ष द्यावे. पहिले ठिकाण म्हणजे डिरेलरच्या मागे अर्धगोल वळण घेणारा शेवटचा तुकडा. केबलवरून ओघळणारे पाणी याच्या वरच्या तोंडातून आत शिरते आणि खालच्या वळणात साचून राहते. दुसरे ठिकाण बॉटम ब्रॅकेटच्या खाली, म्हणजे दोन्ही पेडलांच्या मधल्या नळीच्या बुडाशी असते. तेथे प्लॅस्टिकच्या एका लहान खाचेतून केबल जाते आणि पुढच्या चाकाने उडविलेला सगळा चिखल नेमका तेथेच बसतो. आपल्याकडील काळी माती ओली झाली की फुगते व चिकटते, आणि उन्हात आवळून विटेसारखी कडक होते. हा तिच्यातील माँटमोरिलोनाइट या चिकणमातीचा गुण आहे. पावसाळ्यात त्या खाचेत शिरलेली माती दिवाळीनंतर केबलला अक्षरशः धरून ठेवते. ती पाण्याने भिजवून जुन्या टूथब्रशने काढावी आणि खाचेत तेलाचा एक थेंब सोडावा. विहिरीवरच्या मोटरपंपाचा जोरदार फवारा मात्र सायकलवर मारू नये, कारण त्याने माती निघते तसे चाकाच्या हबमधील ग्रीसही धुऊन जाते.

आउटर बदलावा लागला तर तो गिअरचाच घ्यावा. तालुक्याच्या दुकानात बहुधा ब्रेकचा आउटर मीटरवर कापून मिळतो आणि बसविणारेही दोन्ही एकच समजतात. कापलेले टोक निरखून पाहिले की फरक दिसतो. ब्रेकच्या आउटरमध्ये चपट्या तारेचे वेटोळे असते, तर गिअरच्या आउटरमध्ये अनेक बारीक तारा लांबीच्या दिशेने, वर्तुळात उभ्या रचलेल्या असतात. ताण आल्यावर वेटोळे किंचित दबते. ब्रेकला त्याने काही बिघडत नाही, पण ज्या यंत्रणेत १ मिलिमीटरची किंमत आपण वर पाहिली तिच्यात ते चालत नाही. गिअरची आतील केबलही ब्रेकच्या केबलपेक्षा बारीक, साधारण १.२ मिलिमीटर जाडीची असते. आउटर पक्कडीने कापला तर टोक चेपते. ते कानशीने सपाट करून, दाभणाने आतील नळी पुन्हा गोल उघडून, टोकावर टोपी बसवूनच लावावा. शेवटच्या वळणाचा तुकडा फार आखूड कापू नये. वळण जितके तीव्र तितके घर्षण अधिक.

केबल डिरेलरच्या नटाखाली दाबताना वॉशरजवळची खाच शोधावी. केबल त्या खाचेतूनच जायला हवी. ती नटाच्या दुसऱ्या बाजूने गेली तर डिरेलरची तरफ बदलते, एका टिचकीला सरकण्याचे अंतर चुकते, आणि मग कितीही जुळवणी केली तरी एका टोकाचे गिअर बरोबर आले की दुसऱ्या टोकाचे बिघडतात.

आता दुसऱ्या बिघाडाकडे वळू. चेन आऱ्यांत जाण्याची घटना ट्यूब बदलल्यानंतर घडली, हा आपल्या प्रश्नातील सर्वांत उपयोगी तपशील आहे. स्वस्त लोखंडी फ्रेमवर डिरेलर थेट फ्रेमला जोडलेला नसतो. तो एका पत्र्याच्या पट्टीवर बसविलेला असतो आणि ती पट्टी एका लहान स्क्रूने व मागच्या अॅक्सलच्या (चाकाच्या आसाच्या) नटाने फ्रेमच्या खाचेत दाबून धरलेली असते. बाभळीच्या काट्याने किंवा सराट्याने झालेले साधे पंक्चर चाक न काढताही काढता येते, परंतु ट्यूब किंवा टायर बदलायचा म्हणजे तो नट सोडावाच लागतो. परत बसविताना चाक एका बाजूला तिरपे राहिले किंवा पट्टी नटाबरोबर थोडी फिरली की डिरेलरची संपूर्ण बैठक बदलते. मग स्क्रू कालपर्यंत बरोबर असले तरी आज ते चुकीचे ठरतात.

म्हणून मागचा नट ढिला करून चाक दोन्ही बाजूंनी खाचेत पूर्ण आत सरकवावे, टायर फ्रेमच्या दोन्ही नळ्यांपासून सारख्या अंतरावर आहे हे पाहावे, पट्टी खाचेत टेकवून तिचा लहान स्क्रू आवळावा आणि मगच दोन्ही नट आलटून पालटून घट्ट करावेत. एवढ्याने गिअर पूर्ववत झाले असे अनेकदा दिसते, आणि ज्यांनी नवा डिरेलर आणण्यासाठी अमरावती-नागपूरची वाट धरलेली असते त्यांना ते पटायला जड जाते.

पट्टी जागेवर असूनही वाकलेली असू शकते. सायकलच्या मागे चार पावलांवर उकिडवे बसावे आणि डिरेलरच्या दोन लहान पुल्यांमधून जाणारी उभी रेषा डोळ्याने जुळवून पाहावी. ती चकत्यांच्या पातळीला समांतर हवी. खालची पुली आऱ्यांकडे झुकलेली दिसली तर पट्टी, किंवा अॅल्युमिनियमच्या फ्रेमवर हँगर (तेथे डिरेलर ज्याला टांगतात तो तुकडा), आत वाकला आहे. सायकल उजव्या अंगावर पडणे, एसटीच्या टपावर किंवा टेम्पोत पोत्यांखाली दबणे, ही नेहमीची कारणे. आपल्या भागात आणखी एक कारण आहे. कापूस वेचून झाल्यावर शेताच्या कडेला पडलेली पऱ्हाटी किंवा तुराटी चाकाबरोबर वर येते आणि पुल्यांच्या पिंजऱ्यात अडकते. अशा वेळी पेडलला खाडकन अडथळा आला तर तेथेच थांबावे. जोर लावून पुढे जाण्याचा प्रयत्न केला तर तीच काडी डिरेलरला आऱ्यांत ओढून नेते आणि पट्टी, डिरेलर व चाक तिन्ही एका झटक्यात जातात. ओल्या काळ्या मातीने चाक जाम झाले असतानाही हाच नियम लागू आहे.

वाकलेला हँगर सरळ करण्याचे खास अवजार खेड्यात मिळणे कठीण आहे, पण त्याचे काम एका सुट्या चाकाने भागते. हँगरच्या भोकाचा आटा १० मिलिमीटर व्यासाचा, दोन वळ्यांमध्ये १ मिलिमीटर अंतर असलेला असतो, आणि क्विक रिलीज प्रकारच्या, म्हणजे नटाऐवजी खटक्याच्या सळईने आवळल्या जाणाऱ्या, मागच्या चाकाच्या पोकळ अॅक्सललाही साधारणपणे तोच आटा असतो. डिरेलर सोडवून बाजूला लटकू द्यावा, त्या सुट्या चाकाची क्विक रिलीजची सळई काढावी आणि अॅक्सलचे टोक हँगरमध्ये हाताने फिरवून बसवावे. आता दोन्ही चाकांच्या रिममधील अंतर वर, खाली, पुढे आणि मागे मोजावे. फरक ४ मिलिमीटरच्या आत आला की हँगर सरळ झाला असे समजावे. सुटे चाक हळूहळू दाबूनच हँगर वळवावा. आटा हाताने सहज बसला नाही तर जोर करू नये, कारण भरीव अॅक्सलच्या अनेक चाकांचा आटा वेगळा असतो आणि भोक खराब झाले तर काम वाढते. लोखंडी पट्टी हे वळविणे निमूटपणे सहन करते. अॅल्युमिनियमचा हँगर एकदा सरळ करून घ्यावा आणि नवा मागवून ठेवावा. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असल्याने शहरात जाताना जुना सोबत न्यावा.

कॅरियरवर चाऱ्याचे भारे किंवा पोती वाहिली जात असतील तर अॅक्सलही तपासावा. फ्रीव्हीलच्या (मागच्या चकत्यांचा आट्यावर बसणारा संच) हबमध्ये उजव्या बाजूचे बेअरिंग बरेच आत असते, त्यामुळे अॅक्सलचा मोठा भाग आधाराशिवाय राहतो आणि ओझ्याने वाकतो, कधी तुटतोही. चाक काढून अॅक्सल बोटांनी फिरवावा. त्याची टोके गोलाकार डोलत असतील तर तो वाकला आहे. फ्रीव्हील स्वतः फिरताना किंचित डोलते, त्याची चिंता नको.

चेनची झीज पट्टीने मोजता येते. नव्या चेनच्या एका पिनेच्या मध्यापासून मोजल्यास १२ इंचांवर, म्हणजे ३०४.८ मिलिमीटरवर, दुसऱ्या पिनेचा मध्य येतो. तो एक सोळांश इंच पुढे गेला असेल तर चेन बदलावी. एक अष्टमांश इंच गेला असेल तर फ्रीव्हीलही झिजलेले असण्याचीच शक्यता अधिक. तेव्हा केवळ नवी चेन घातली तर ज्या चकत्या रोज वापरल्या जातात त्यांवरच ती चढावर घसरेल. चेन घसरणे आणि गिअर न पडणे हे दोन वेगळे बिघाड आहेत. ठरावीक चकतीवर, जोर दिल्यावरच चेन घसरत असेल तर ती झीज आहे. कोणत्याही गिअरमध्ये ठरावीक अंतराने एकेक ठेच लागत असेल तर चेनची एखादी कडी आखडली आहे. साधारण ११४ कड्यांची चेन पुढच्या ४२ दात्यांच्या चकतीवर असताना अशी ठेच पेडलच्या सुमारे पावणेतीन फेऱ्यांनी एकदा लागते. पेडल सावकाश उलटे फिरवून चेन पुल्यांमधून जाताना पाहिली की ती कडी सापडते. तेल देऊन, दोन्ही हातांनी आडवी हलवून ती मोकळी करावी.

वंगणाविषयी माझे मत थोडे कडक आहे. मोटारसायकलचे जळालेले ऑइल किंवा ग्रीस चेनला फासण्याची पद्धत बंद व्हायला हवी. पांदणीची धूळ त्यात कालवली गेली की ते घासकागदाचे काम करते. चेन रॉकेलने धुवावी, पूर्ण वाळू द्यावी, प्रत्येक रोलरवर पातळ तेलाचा एक थेंब सोडावा आणि बाहेरचे सगळे तेल फडक्याने पुसून घ्यावे. उन्हाळ्यात शिलाई मशीनचे तेलही चालते. पावसात ते लवकर धुतले जाते, म्हणून तेव्हा थोडे दाट तेल घ्यावे.

एवढे झाल्यावरच स्क्रूकडे यावे. एच आणि एल या अक्षरांजवळचे दोन स्क्रू डिरेलरच्या दोन टोकांच्या सीमा ठरवितात, आणि मधल्या पाच गिअरशी त्यांचा संबंध नसतो. मधले गिअर बिघडले म्हणून हे स्क्रू फिरविणे व्यर्थ आहे, आणि एल स्क्रू ढिला करणे धोक्याचे आहे, कारण चेनला आऱ्यांत जाण्यापासून तोच अडवतो. केबल सोडून ठेवावी, चेन सर्वांत लहान चकतीवर असताना मागून पाहावे आणि वरची पुली त्या चकतीच्या बाहेरच्या कडेच्या रेषेत येईल असा एच स्क्रू बसवावा. मग पेडल फिरवत डिरेलर हाताने हळूच आत ढकलावा. वरची पुली सर्वांत मोठ्या चकतीच्या बरोबर खाली थांबली पाहिजे आणि जोराने ढकलले तरी चेन पलीकडे जाता कामा नये. स्क्रू उजवीकडे फिरविला की सीमा आवळते. तिसरा, बी स्क्रू वरची पुली आणि मोठी चकती यांच्यातील फट ठरवितो. ती साधारण ५ ते ६ मिलिमीटर पुरते. वरची पुली बाजूला थोडी हलते म्हणून ती खराब झाली असे समजू नये, शिमानोने तेवढी मोकळीक मुद्दाम दिलेली असते. मात्र दुरुस्तीच्या वेळी वरची आणि खालची पुली एकमेकींच्या जागी बसविली गेली नाही ना, हे पाहावे.

शेवटी केबलचा ताण. शिफ्टर ७ वर आणावा, डिरेलरजवळचा, केबलचा ताण कमीजास्त करणारा फिरता बॅरल पूर्ण आत घेऊन दोन फेरे बाहेर काढावा, केबल हाताने ताठ करून नट आवळावा. पक्कडीने ओढू नये. आता एक टिचकी देऊन चेन दुसऱ्या चकतीवर आणावी आणि पेडल फिरवत बॅरल पाव-पाव फेऱ्याने, मागून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने, फिरवावा. चेन तिसऱ्या चकतीला घासू लागल्याचा आवाज आला की तो थांबेपर्यंत बॅरल उलट फिरवावा. सातही गिअर दोन्ही दिशांनी पाहून घ्यावेत. नव्या केबलचे आउटर टोप्यांमध्ये घट्ट बसेपर्यंत पहिल्या काही दिवसांत ताण थोडा उतरतो; तेव्हा बॅरल आणखी अर्धा फेरा फिरविणे पुरते, स्क्रूला हात लावू नये. स्टँडवर बरोबर चाललेले गिअर एखाद्या चढावर, पेडलवर जोर असतानाही तपासावेत.

हे सगळे करूनही एखादी टिचकी पोकळ जात असेल तर दोष शिफ्टरमध्ये आहे. काही वर्षांत आतील ग्रीस वाळते आणि लहान खिट्ट्या दात्यांत पडत नाहीत. झाकण उघडून आत थोडे रॉकेल सोडावे, लीव्हर बराच वेळ चालवत राहावे आणि खिट्ट्या सुटल्यावर हलके तेल द्यावे. तरीही त्याच आकड्यावर टिचकी चुकत असेल तर आतील दाते झिजले आहेत आणि शिफ्टर बदलावा लागेल. नवा घेताना त्यावरील आकडे आणि फ्रीव्हीलवरील चकत्या दोन्ही मोजून घ्याव्यात. बाजारात ६ चकत्यांचे फ्रीव्हीलही विकले जाते, त्याच्या चकत्यांमधील अंतर साधारण ५.५ मिलिमीटर असते, आणि ७ टिचक्यांच्या शिफ्टरशी ते कोणत्याही जुळवणीने जमत नाही.